राखाडीवर राखाडी

माझं काम नेमकं काय आहे, हे आमच्या बुधवारा मोहल्ल्यात मला अजून कुणालाच धड सांगता आलेलं नाही. खालच्या दुकानवाल्या काकांना वाटतं मी ऑनलाइन फोटो विकते. समोरच्या वहिनींना वाटतं मी मोबाइल दुरुस्त करते, आणि त्या अधूनमधून आपला फोन घेऊन धापा टाकत जिना चढून येतात. आईला कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "वर अंधारात बसते अन् भिंतीकडे बघते. पगार येते." सगळ्यांत बरोबर उत्तर खरं तर तिचंच आहे.

मी कॅमेऱ्यांची नजर तपासते. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढा एक चकचकीत तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. समोरचा उजेड त्यावर पडतो आणि त्याचं चित्र होतं. पुण्याची एक कंपनी असे सेन्सर बसवलेले छोटे कॅमेरे मला कुरिअरने पाठवते. मी ते एकेक करून तक्त्यासमोर लावते, फोटो काढते आणि त्या फोटोंमधून आकडे काढून पुण्याला कळवते. तक्त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा असतात. सुरुवातीच्या रेघा जाड, त्या कुठल्याही भिकार कॅमेऱ्याला दिसतात. पुढे त्या बारीक होत जातात, एकमेकींना चिकटत जातात, आणि मग एका जागेपासून काळं हळूच पांढऱ्यात उतरायला लागतं, पांढरं काळ्यात. आणखी थोडं पुढे गेलं की रेघ म्हणून काही उरतच नाही. नुसती राखाडी. कुठल्या रेघेपर्यंत काळ्या-पांढऱ्यातला किती फरक टिकून राहिला, एवढंच मला मोजायचं असतं.

हे सगळं कोरडं वाटेल, पण मला ते काम फार आवडतं. खोलीच्या भिंती मी राखाडी रंगवून घेतल्या आहेत, खिडकीला जाड काळा पडदा आहे, तक्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दिवे. कुठे सावली नाही, कुठे चमक नाही. बाहेर ऊन रस्त्यावर आपटत असतं, केळीच्या ट्रकचे हॉर्न वाजत असतात, मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमची खटखट चाललेली असते. आत ते सगळं मऊ होऊन येतं. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला पडद्याच्या फटीतून एक उन्हाची काडी आत येते आणि तिच्यात लूमवरून उडालेले कापसाचे तंतू तरंगताना दिसतात, खाली यायची त्यांना काही घाईच नसते. मी पडदा नीट करायचं विसरून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहते. त्या वेळात कंपनी, पुणे, माझं वय, सगळं कुठेतरी लांब जातं.

पुण्याहून मी आले ती सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं तेव्हा. नंतर सगळे परत गेले, मी गेले नाही. बाबा पेपर मिलमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. आमचं मूळ जळगावकडचं, पण बाबा तरुणपणी मिलमध्ये लागले आणि आम्ही मिलच्या कॉलनीतच वाढलो. मिलचं क्वार्टर सोडल्यावर गावी परत जायचं सोडून त्यांनी बुऱ्हाणपुरात हे घर घेतलं. इथून मिल जवळ, गावही जवळ, असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे त्यांना दोन्हीपैकी काहीच सोडवत नव्हतं.

कामाची पहिली अडचण आईने उभी केली. माझ्या तक्त्यावर एक मोठा काळा चौकोन आहे आणि तो मुद्दाम जरासा तिरका लावायचा असतो. कडा अगदी सरळ असेल तर सेन्सरवरची ठिपक्यांची प्रत्येक ओळ तिला एकाच जागी गाठते, आणि मग कळतं ते थोडंसंच. कडा तिरकी असली की प्रत्येक ओळ तिला थोडी पुढे, थोडी मागे भेटते. त्या सगळ्या भेटी एकत्र केल्या की काळ्यातून पांढऱ्यात जायला कॅमेऱ्याला किती वाट चालावी लागते ते नेमकं कळतं. मी हे सगळं मापाने, पट्टीने लावून ठेवायचे. आणि सकाळी आई झाडायला वर आली की दोन्ही हातांनी धरून तो तक्ता सरळ करायची.

एकदा नाही, रोज. घरात देवाचा फोटो, कॅलेंडर, आरसा, काहीही वाकडं लटकलेलं तिला सहन होत नाही. मी आरडाओरडा केला, चिठ्ठी चिकटवली, समजावून सांगितलं. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तक्ता पुन्हा सरळ. "हात आपोआप जाते व माय," म्हणायची. माझे अर्धे दिवस त्यात वाया गेले. शेवटी मी खोलीला कुलूप लावायला लागले, तेव्हा तिने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी मुकाट्याने कुलूप काढलं.

बाबांचं वर येणं मात्र मला हवं होतं. जेवण झालं की ते कठडा धरून हळूहळू जिना चढायचे आणि माझ्या मागच्या खुर्चीत बसायचे. बाहेरचं ऊन त्यांना सोसत नव्हतं. उन्हात गेलं की सगळीकडे दूध सांडल्यासारखं होतं म्हणायचे. माझ्या खोलीत त्यांच्या डोळ्यांना विसावा मिळायचा. आम्ही फार बोलायचो नाही. मी आकडे बघायचे, ते खुर्चीत डुलक्या घ्यायचे, मध्येच जागे होऊन मिलची एखादी गोष्ट सांगायचे आणि ती अर्ध्यावर सोडून पुन्हा झोपायचे. त्या अर्ध्या गोष्टी मी पूर्ण करून मागितल्या नाहीत. दुपार आपली चालत राहायची.

डोळ्यांची गोष्ट अशी होती की, बाबांचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. कळलं तेव्हा त्यातलं सगळं संपलेलं होतं. उरला उजवा. त्यालाही काचबिंदूचे थेंब चालू होते, ते आई सकाळ-संध्याकाळ न चुकता घालायची. आणि आता त्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. बाबा म्हणाले, नाही. डॉक्टर गोड माणूस, त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "बाबूजी, एक ही आँख है, इसीलिए तो कह रहा हूँ." बाबा म्हणाले, "इसीलिए तो मैं भी मना कर रहा हूँ." आणि उठून उभे राहिले.

त्यांचं चुकत होतं असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता दात काढण्याइतकं साधं झालंय हे सगळे सांगतात, पण सांगणाऱ्यांना दोन डोळे असतात. काचबिंदूमुळे बाबांच्या बाबतीत धोका थोडा जास्त आहे आणि नजर किती परत येईल हे सांगता येत नाही, हे डॉक्टरांनीही लपवलं नव्हतं. काहीच केलं नाही तर आहे तेवढीही हळूहळू जाणार होती. मी दिवसभर कॅमेऱ्यांना आकडे देणारी बाई, आणि मला ज्या एका डोळ्याची काळजी होती त्याचा आकडा कुणीही देऊ शकत नव्हतं.

आईचा कल बाबांकडेच होता. खकनारकडच्या खेड्यात तिचा थोरला भाऊ होता. फार वर्षांपूर्वी त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, आणि चार दिवसांत पठ्ठ्या पट्टी काढून कापूस वेचायला शेतात गेला. डोळ्यात धूळ गेली, पू झाला, डोळा गेला. चूक सगळी त्याची. पण आईच्या मनात ऑपरेशन आणि गेलेला डोळा यांची गाठ बसली ती बसलीच. विषय काढला की ती भाजी निवडत मान खाली घालून म्हणायची, "दिसते ना त्यायले. चाललं ना."

आणि खरोखर चाललेलं दिसत होतं. बाबा पेपरातले मथळे वाचायचे. घरात न अडखळता फिरायचे. डॉक्टरांकडच्या अक्षरांच्या पाटीवर वरच्या बऱ्याच ओळी म्हणून दाखवायचे. मी आईशी भांडायला गेले की माझ्या हातात पुरावा नसायचा.

एका दुपारी बाबा डुलकीतून जागे झाले आणि म्हणाले, "तू या डबड्यायले मोजते, मले बी मोज ना एकदा."

मी हसले. पण विचार मनात राहिला. माझ्याकडे दोन तऱ्हेचे तक्ते आहेत. एक काळ्या-पांढऱ्याचा. दुसरा फिका, राखाडीवर राखाडी रेघांचा. तो कॅमेऱ्यांची खरी परीक्षा घेतो. काळं-पांढरं दिसायला फार अक्कल लागत नाही. दोन राखाड्यांमध्ये, ज्या एकमेकींपासून जेमतेम वेगळ्या आहेत, त्यांच्यात भेद करता आला पाहिजे. मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि त्यांवर रेघा छापून घेतल्या. काही उभ्या, काही आडव्या. काही ठसठशीत, काही फिक्या, काही इतक्या फिक्या की मलाही जरा निरखून बघावं लागे. बाबांना खुर्चीत बसवलं, समोर एकेक पुठ्ठा लावला आणि सांगितलं, उभ्या की आडव्या तेवढंच बोला.

आई त्या रविवारी पहिल्यांदाच दुपारची वर आली. लसणाची टोपली घेऊन बाबांच्या मागे दाराशी बसली आणि सोलायला लागली.

बाबांनी सगळं बरोबर सांगितलं.

मी थक्क झाले. ठसठशीत रेघा तर सोडाच, फिक्या रेघाही त्यांनी जरा थांबून, मान तिरकी करून बरोबर ओळखल्या. सर्वांत फिका पुठ्ठा, जो मी नुसता गंमत म्हणून छापला होता, तोही. "आडव्या," म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी पुठ्ठ्यांचा क्रम बदलला, तरी तेच. आई विजयी मुद्रेने टोपली उचलून खाली गेली. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. माझ्या बाबांची नजर माझ्या महागातल्या कॅमेऱ्याच्या तोंडात मारील अशी निघाली, याचा मला पोरकट अभिमान वाटला. पुण्याच्या एका मैत्रिणीला मी फोन करून सांगितलंसुद्धा.

पण रोजच्या वागण्यात ते दिसत नव्हतं. स्टीलच्या ताटातला स्टीलचा पेला उचलताना बाबांचा हात आधी ताटावरून फिरायचा. पांढऱ्या वाटीतलं दही संपलं की आहे हे त्यांना चमच्याने खरवडून बघावं लागे. जिन्याची शेवटची पायरी, जिचा रंग फरशीसारखाच आहे, तिथे ते पाय टाकण्याआधी थांबायचे. हे सगळं राखाडीवर राखाडी होतं. पुठ्ठ्यावरची सर्वांत फिकी रेघ ओळखणाऱ्या माणसाला पायरी दिसू नये, हे मला पटेना. कॅमेऱ्याचा आकडा असा फारच चांगला आला की मी आधी आकड्यावर संशय घेते. घरच्या माणसाच्या बाबतीत तसा संशय घ्यायला मला वेळ लागला.

त्यानंतरच्या एका रविवारी मी आधीच चिडलेली होते. सकाळी आईने पुन्हा तक्ता सरळ केला होता आणि माझी एक पूर्ण फेरी वाया गेली होती. दुपारी दोघं वर आले. बाबा खुर्चीत, आई लसूण घेऊन दाराशी. मी पुठ्ठे लावायला घेतले आणि त्या चिडीतच एक फिका पुठ्ठा सरळ न लावता कोपऱ्यावर उभा केला. रेघा ना उभ्या राहिल्या ना आडव्या. घ्या, म्हटलं मनात, करा आता सरळ.

बाबा बघत राहिले. मी वाट बघत राहिले. खोलीत लूमची लांबची खटखट तेवढी. आणि मग मागून एक बांगडी वाजली. थांबली. मग दोनदा वाजली. मग पुन्हा एकदा, मग एकदम सगळ्याच खळखळल्या.

"उभ्या," बाबा म्हणाले. "नाही, आडव्या. नाही… अवं, काय आहे ते? बराबर सांग ना!"

शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतंच.

मला आधी हसू फुटलं. एकदा वाजली की उभ्या, दोनदा वाजली की आडव्या. माझ्या नाकाखाली, माझ्याच प्रयोगशाळेत, दोघं म्हातारे शाळेतल्या पोरांसारखी कॉपी करत होते! लसूण म्हणे. एवढा लसूण आमच्याकडे लागतो तरी कुठे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं, कारण त्याचा अर्थ काय होता ते पाठोपाठ लक्षात आलं. बाबांना एकही फिकी रेघ दिसत नव्हती. पहिल्या रविवारपासून एकही नाही.

मी ओरडले. आईवर जास्त. "तुला कळतं का काय करतेयस? हा काय खेळ आहे?"

"एकच डोळा हाये," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तो बी गेला म्हणजे मंग?"

"आणि असा राहिला तर? असा राहून तो काय कामाचा आहे?"

"दिसते त्यायले."

"काय दिसतं?"

मी रागाच्या भरात आईला हाताला धरून उठवलं आणि बाबांच्या समोर, तक्त्याच्या जागी, त्या दोन दिव्यांच्या मधोमध आणून स्टुलावर बसवलं. तिने काही विरोध केला नाही. माणसाचं तोंड म्हणजे काय असतं, ते मला तिथे उभी असताना एकदम दिसलं. गालाचा एक रंग, नाकाच्या बाजूला त्याहून थोडासा गडद, ओठाखाली आणखी जरासा. कुठेही काळं-पांढरं असं नाही. सगळे फरक लहान, एकमेकांत मिसळलेले. मथळा वाचता येणाऱ्याला तोंड दिसेलच असं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आई समोर बसलीय. चेहऱ्यावर काय आहे सांगा."

ते पुढे झुकले. त्यांचा एक डोळा बारीक करून त्या उजेडाकडे बघत राहिले. कितीतरी वेळ गेला असं मला वाटलं, त्या खोलीत वेळ तसा जातोच. मग ते अंदाजाने, जरा लाडीगोडीने म्हणाले, "हसून राहिली."

आईच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. ती आवाज न करता रडत होती.

मी काही बोलू शकले नाही. पण त्या शांततेतून बाबांना कळलं. ते खुर्चीत मागे टेकले.

"नाही ना?" ते म्हणाले. "मले वाटलंच." आणि मग दोघींपैकी कुणालाच उद्देशून नाही असं बोलायला लागले. "बरेच दिवस झाले. पावलं वाजली की समजते कोण हाये ते. बोललं की समजते. तोंडाच्या जागी एक धुकट गोळा असते, त्याच्यावर मी आठवणीतलं तोंड बसवून घेतो. चाललं होतं. पण आता काय व्हाले लागलं, ते आठवणीतलं बी पुसट होऊन राहिलं. काल रात्री पडल्या पडल्या आठवून पाह्यलं हिचं नाक कसं हाये. नाही आठवलं."

आई पदराने तोंड पुसत उठली आणि खाली निघून गेली. मला वाटलं, हे ऐकून तिला धक्का बसला असणार. आता ही दोन दिवस जेवायची नाही, असंही वाटलं. बाबा आणि मी तसेच बसून राहिलो. उन्हाची ती काडी भिंतीवरून सरकत कोपऱ्यात गेली. मग मला खालून चपलांचा आवाज आला. जाऊन बघते तर आई चांगलं लुगडं नेसून, पायात चपला घालून दारात उभी.

"चला डॉक्टरकडे," ती म्हणाली.

"आज रविवार आहे आई. बंद असतो दवाखाना."

"मंग उद्या जाऊ," म्हणाली, आणि तशीच, चपला न काढता, दारातल्या खुर्चीत बसून राहिली. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एक शब्द न काढता होकार दिला. आईने सांगितलं म्हणून दिला, की त्यांच्याच मनात आलं होतं, ते मी विचारलं नाही. तपासण्या झाल्या, साखर बघितली, रक्तदाब बघितला, तारीख मिळाली. मधल्या दिवसांत घरात सगळे फार हळू बोलत होते. माझे कॅमेरे तसेच खोक्यात पडून राहिले. पुण्याहून फोन आला तर मी तब्येतीचं कारण सांगितलं, आणि कुणाच्या तब्येतीचं हे सांगितलं नाही. एका संध्याकाळी मी आईला घेऊन ताप्तीच्या घाटावर गेले. पलीकडचा काठ धुक्यात होता, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी पायरीवर बसून तिकडे बघत राहिले आणि वाटलं, बाबांना दिवसभर असं दिसत असेल. सुंदर होतं ते, हे मला कबूल करावंच लागेल. पण त्यात कुणी माणूस ओळखू आला नसता. आई डोळे मिटून हात जोडून बसली होती. ती काय मागतेय हे विचारायची गरज नव्हती.

ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. बाहेरच्या बाकावर आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की नंतर माझ्या बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, समाधानाने मान हलवली. बाजूचं जे गेलंय ते येणार नाही, म्हणाले, पण समोरचं छान दिसेल, हळूहळू अजून साफ होईल. काळा गॉगल दिला आणि उजेडात अजिबात काढायचा नाही म्हणून बजावलं. बाबा गॉगल घालून रिक्षात बसले. वाटेत मी दोनदा विचारलं, दिसतंय का? ते नुसते "हूं" म्हणाले.

घरी आल्यावर ते खाली थांबलेच नाहीत. कठडा धरून सरळ माझ्या खोलीत गेले आणि म्हणाले, दिवे लाव. तिथला उजेड त्यांना माहीत होता, तो टोचत नाही हे माहीत होतं. मी दिवे लावले. मागून आई थेंबांची बाटली घेऊन वर आली.

"बस इथं," बाबांनी तिला स्टूल दाखवलं. ती बसली. त्यांनी गॉगल काढला.

मला तिथून जायला हवं होतं, पण मी गेले नाही. बाबा बघत होते. सावकाश बघत होते, कपाळापासून खाली, कुठल्याही एका जागेवरून घाईने पुढे न जाता. आई आधी इकडेतिकडे बघत होती, मग खाली बघायला लागली, मग तिने पदर ओढून घेतला, आणि तो पुन्हा सोडला.

"हे काय झालं?" बाबा म्हणाले. त्यांचं बोट तिच्या डाव्या गालाजवळ होतं. तिथे कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा एक फिकट डाग आहे.

"ते? काही नाही. जुनं झालं."

"कवाचं?"

"मागल्या दिवाळीचं. अनारसे तळता तळता तेल उडलं."

"मी कुठं होतो?"

"तिथंच होते तुम्ही. पाटावर बसले होते समोर. मी म्हटलं हाताले चटका बसला."

तो डाग मी रोज बघत होते. मीच तेव्हा मलम आणून दिलं होतं. आणि बाबांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही, हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आईच्या आलं होतं. पहिल्याच दिवशी.

"म्हणजे तुले माहीत होतं," बाबा म्हणाले. "की मले दिसत नाही."

"हो."

"अन् बोलली नाही."

"तुम्ही तरी कुठं बोलले?" आई म्हणाली. "डाग ताजा होता, गाल सुजला होता, पापुद्रा निघून राहिला होता. अन् तुम्ही रोज सकाळी मले म्हणायचे, आज छान दिसून राहिली. मी काय बोलू?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांचा नवा डोळा भरून आला होता आणि मला भीती वाटली की हे चालेल की नाही. मी पुढे होणार तेवढ्यात आईने हाताने मला थांबवलं. तिने आपला चेहरा दिव्याकडे वळवला, डागाची बाजू पुढे करून, आणि म्हणाली, "बरं. आज कशी दिसून राहिली, सांगा."

बाबांनी गाल पुसले आणि पुन्हा बघितलं. फार वेळ बघितलं.

"म्हातारी," ते म्हणाले.

आई इतकी खूश झालेली मी फार दिवसांनी बघितली.